मिरासदार आणि उपरी : कॅलिफोर्नियातील एका कौंटीचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. बडोद्यातील मराठी शाळेच्या व्यासपीठावर कॅलिफोर्नियातील एका ग्रामीण कौंटीचे काय काम, असा प्रश्न संस्थेच्या कार्यवाहांनीही मला सौजन्याने विचारला. त्याचे उत्तर एका वाक्यात देतो. आपण सारे मूळ गावापासून दूर स्थायिक झालेल्या कुटुंबांतले आहोत, आणि अशा कुटुंबांना 'येथे पहिले कोण आले?' हा प्रश्न फार प्रिय असतो. हा प्रश्न निरागस नाही, हे दूरच्या उदाहरणावरून अधिक स्वच्छ दिसते. जवळच्या उदाहरणात आपल्याच आजोबा-पणजोबांची नावे आडवी येतात.

मी मराठीचा अध्यापक. अमेरिकेच्या इतिहासाचा पंडित नव्हे. परंतु मोडी कागद वाचण्यात उमेदीची बरीच वर्षे गेल्यामुळे दोन जुने शब्द माझ्या मनात घर करून बसले आहेत. ते म्हणजे मिरासदार आणि उपरी. मराठी मुलखातल्या गावात मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेचा असे. सारा भरीत राहिला तर त्याला कोणी हुसकावू शकत नसे, आणि गावकीच्या बैठकीत त्याला मानाचे स्थान असे. उपरी बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. घाम दोघांचा सारखाच गळे, पण मिरासपत्र एकाच्याच घरी असे. 'पायोनियर' या इंग्रजी शब्दाला आपण 'आद्य वसाहतकार' असा प्रतिशब्द देतो. त्या शब्दाची कथा समजून घ्यायला मला हे दोन मराठी शब्दच अधिक उपयोगी वाटतात.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या मोठ्या खोऱ्याच्या उत्तर भागात, सॅक्रामेंटो आणि फेदर या दोन नद्यांच्या दुआबात सटर कौंटी वसली आहे. कौंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. १८५० साली कॅलिफोर्नियात पहिल्या २७ कौंट्या निर्माण झाल्या, त्यांतली ही एक. सपाट काळ्याभोर जमिनीच्या मधोमध सुमारे २,१०० फूट उंचीचा एक डोंगरपुंजका उभा आहे. त्याला सटर ब्यूट्स म्हणतात आणि जगातील सर्वांत लहान पर्वतरांग अशी त्याची ख्याती आहे. कौंटीचे मुख्य ठिकाण युबा सिटी, फेदर नदीच्या पश्चिम तीरावर. समोरच्या तीरावर मेरिसव्हिल. ते शेजारच्या युबा कौंटीत मोडते. पण दोन्ही गावांचा संसार पहिल्यापासून एकच आहे, म्हणून मी त्यांचा विचार एकत्रच करणार आहे.

या भूमीवर पहिले कोण आले, याचे उत्तर तसे सोपे आहे. निसेनान आणि त्यांचे सोयरे मैदू लोक या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ओकची फळे दळून त्यांचे पीठ करावे, नदीतला सामन मासा धरावा, वेताच्या घट्ट विणीच्या टोपल्यांत अन्न शिजवावे, असे त्यांचे जीवन होते. १८३३ साली फासेपारध्यांच्या तुकड्यांबरोबर उत्तरेकडून मलेरियाची साथ आली आणि तिने या खोऱ्यात हजारो माणसे मारली. ज्यांना पुढे 'निर्जन प्रदेशात पाऊल टाकणारे' म्हणून गौरविण्यात आले, त्यांना तो प्रदेश निर्जन दिसला, कारण नुकतीच तेथली गावेच्या गावे ओस पडली होती.

कौंटीला ज्याचे नाव मिळाले तो जॉन सटर १८०३ साली जर्मनीतील बाडेन प्रांतात जन्मला आणि स्वित्झर्लंडमध्ये व्यापारात बुडाला. १८३४ साली बायकामुले आणि सावकार यांना मागे ठेवून तो निघाला आणि १८३९ साली कॅलिफोर्नियात पोहोचला. त्या वेळी हा मुलूख मेक्सिकोच्या ताब्यात होता. मेक्सिकन गव्हर्नर अल्वाराडो याने १८४१ साली त्याला सुमारे ४८ हजार एकर जमीन इनाम दिली. फेदर नदीकाठी त्याने जी वाडी वसविली तिचे नाव हॉक फार्म. हे नाव जर्मन वाटते, परंतु ते तेथल्या 'होक' या निसेनान गावावरून आलेले आहे. गाव गेले, त्याचे नाव तेवढे दुसऱ्याच्या वाडीवर राहिले.

सटरच्या शेतावर राबणारे बहुतेक हात मूळ रहिवाशांचे होते. हाइनरिख लीनहार्ड हा सटरचाच देशबांधव आणि काही काळ त्याचा नोकर. रात्री या मजुरांना कोंडून ठेवीत, असे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. जेम्स क्लायमन या प्रवाशाने १८४६ साली त्यांना लाकडी डोण्यांतून, गुरांना घालावे तसे अन्न घातले जाताना पाहिले. हे आरोप शत्रूंनी केलेले नाहीत. त्याच्या आश्रयाला राहिलेल्यांची ही साक्ष आहे. दुसऱ्या बाजूला हेही खरे की, पूर्वेकडून बैलगाड्यांनी येणाऱ्या थकल्याभागल्या कुटुंबांना सटरने मुक्तहस्ताने मदत केली. एकाच माणसाचे हे दोन चेहरे आहेत. कोणता चेहरा दिसेल, हे पाहणारा कोण आहे यावर अवलंबून होते.

या दोन्ही चेहऱ्यांचा मिलाफ एका भयंकर प्रसंगात झाला. १८४६ साली डॉनर नावाच्या कुटुंबाबरोबर निघालेला ८७ जणांचा तांडा सिएरा नेवाडा पर्वतात बर्फात अडकला. उपासमारीने जवळजवळ निम्मी माणसे गेली आणि उरलेल्यांपैकी काहींनी मृतांचे मांस खाऊन प्राण वाचविले. त्यांच्यासाठी सटरने अन्नाची खेचरे धाडली होती. त्या खेचरांबरोबर लुईस आणि साल्वादोर नावाचे दोन मूळनिवासी तरुण होते. अन्न पोहोचविणारे हे दोघेही तांड्याबरोबरच अडकले. पुढे मदत आणायला निघालेल्या छोट्या तुकडीत ते होते. आपल्याला मारून खाण्याचा विचार चालला आहे हे कळताच ते निसटले. जानेवारी १८४७ मध्ये विल्यम फॉस्टर याने त्यांना गाठून गोळ्या घातल्या. त्या तांड्यात जाणूनबुजून खाण्यासाठी मारले गेलेले तेच दोघे. फॉस्टरवर खटला झाला नाही. युबा नदीवरच्या एका वसाहतीला पुढे त्याचे नाव मिळाले.

फॉस्टरची मेहुणी मेरी मर्फी ही याच तांड्यातून वाचलेली मुलगी. तिची विधवा आई लेविना सात मुलांना घेऊन निघाली होती आणि ती त्या बर्फातच गेली. मेरीचे पुढे शार्ल कोव्हियो या फ्रेंच गृहस्थाशी लग्न झाले. नदीसंगमावरची जमीन घेऊन नवे शहर आखणाऱ्यांत तो प्रमुख होता. १८५० साली त्या शहराला मेरीच्या नावावरून मेरिसव्हिल हे नाव देण्यात आले. आई गमावलेल्या त्या पोरक्या मुलीचे नाव एका शहराला मिळावे, यात काव्यात्म न्याय आहे, आणि तो मला मनापासून भावतो. परंतु लुईस आणि साल्वादोर यांची आपल्याला ठाऊक असलेली नावे त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी दिलेली होती, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

१८४८ च्या जानेवारीत सटरच्याच करवतीच्या गिरणीपाशी सोने सापडले आणि लाखोंचा लोंढा आला. सटरचे मजूर पळाले, गुरे लुटली गेली, जमिनी बळकावल्या गेल्या. तो हॉक फार्मवर येऊन राहिला. १८६५ साली ते घर जाळले गेले, आणि भरपाईसाठी अमेरिकन संसदेच्या पायऱ्या झिजवीत १८८० साली तो वॉशिंग्टन येथे मरण पावला. इनामदाराचा उपरी झाला! सरकार बदलले की जुन्या सनदांचे काय होते, हे पेशवाईनंतरच्या इनामांची दफ्तरे पाहिलेल्यांना निराळे सांगायला नको.

नव्या राजवटीत मिरासपत्रे लिहिणारा वर्ग वकिलांचा होता. जानेवारी १८५० मध्ये स्टीफन फील्ड नावाचा तरुण वकील या संगमावर उतरला. शहराच्या जमिनीचे खरेदीखत त्याने लिहून दिले आणि आल्यापासून थोड्याच दिवसांत तो तेथला अल्काल्दे, म्हणजे मुख्य न्यायाधिकारी निवडला गेला. पुढे १८६३ साली तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर गेला. १८८९ साली चिनी माणसांना देशात येण्यास मज्जाव करण्याचा सरकारला अधिकार आहे, हा गाजलेला निर्णय त्यानेच लिहिला. ज्याने स्वतः आठवड्याभरात नव्या गावचे नागरिकत्व मिळवले, त्याच हाताने दुसऱ्यांसाठी दार लावून घेतले.

साक्षीचा प्रश्नही असाच. १८५० च्या एका कायद्याने मूळनिवाशाच्या साक्षीवर गोऱ्या माणसाला दोषी ठरविता येत नसे; त्याच कायद्याने मूळनिवासी मुले गोऱ्या कुटुंबांत कामाला ठेवून घेता येत. १८५४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने साक्षीची ही बंदी चिन्यांनाही लागू केली. माझ्या मते येथे मिरासदार आणि उपरी यांच्यातली खरी रेषा उमटते. ज्याची साक्ष दप्तरात नोंदली जाते तो मिरासदार. ज्याने पाहिले, सोसले, पण ज्याचे कोणी लिहून घेतले नाही, तो उपरी.

सोन्याचा ज्वर ओसरल्यावर या कौंटीत शेतकरी कुटुंबे स्थिरावली, आणि त्यांच्या समाजजीवनाचा आदर केल्यावाचून राहवत नाही. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून एकखोली शाळा बांधायची, तीच रविवारी प्रार्थनेला वापरायची. गव्हाच्या मळणीला मजुरांचा तांडा आला की घरच्या बायकांनी पहाटेपासून चुलीपाशी उभे राहायचे. पण सर्वांना खऱ्या अर्थाने एकत्र आणले ते पुराने. डोंगरात सोन्यासाठी पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी टेकड्या फोडीत. तो राडारोडा वाहत येऊन नद्यांचे तळ भरत गेले. मेरिसव्हिलपाशी नदीचा तळ रस्त्यांच्याही वर चढला. शेतकऱ्यांनी बांध घातले. एका तीराचा बांध उंच झाला की पाणी दुसऱ्या तीरावर चढे, म्हणून शेजारी शेजाऱ्याविरुद्ध न्यायालयात गेला. शेवटी सारे एक झाले आणि खाणमालकांविरुद्ध उभे राहिले. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत राडा सोडण्यास मनाई केली. पर्यावरणाच्या रक्षणार्थ दिलेला अमेरिकेतील हा एक आरंभीचा मोठा निकाल मानतात. सामान्य शेतकऱ्यांनी धनदांडग्या कंपन्यांना नमविले, याचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे.

याच शेतकऱ्यांत विल्यम थॉम्प्सन नावाचा एक इंग्रज होता. १८७२ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील रोपवाटिकेतून बिनबियांच्या द्राक्षाच्या काड्या मागविल्या. त्या वेलाला जे फळ धरले त्याला शेजाऱ्यांनी 'थॉम्प्सन सीडलेस' म्हटले. श्रोतेहो, नाशिक-सांगलीची द्राक्षे आपण आवडीने खातो. तासगावचे नाव मिरविणारी 'तास-ए-गणेश' किंवा सोलापूरकडची 'सोनाका' या जाती याच थॉम्प्सनच्या वेलातून निवडीने निघाल्या आहेत. म्हणजे सटर कौंटीतला हा एक वेल आपल्या ताटापर्यंत आला आहे. परंतु थॉम्प्सनने हे द्राक्ष निर्माण केले नव्हते. पश्चिम आशियात ते शतकानुशतके सुलताना, किशमिश अशा नावांनी पिकत होते. त्याला जोपासणाऱ्या इराणी-तुर्की माळ्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. वेल जुना, माळी अनेक; नाव मात्र ज्याच्या गावात छापखाना होता त्याचे.

छापखान्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. १८७९ साली थॉम्प्सन अँड वेस्ट या प्रकाशनसंस्थेने सटर कौंटीचा इतिहास प्रसिद्ध केला. या थॉम्प्सनचा द्राक्षवाल्याशी संबंध नाही. असे इतिहास तेव्हा वर्गणीवर निघत. जो वर्गणी भरी त्याच्या घराचे, गोठ्याचे, घोड्यांचे सुबक शिळाछाप चित्र ग्रंथात येई. आज संशोधक 'आद्य कुटुंबे' म्हणून ज्यांचा अभ्यास करतात, त्यांतली कितीतरी याच पानांतून आली आहेत. सोसायटी ऑफ कॅलिफोर्निया पायोनियर्स या १८५० साली स्थापन झालेल्या संस्थेने तर १ जानेवारी १८५० पूर्वी आलेला तो पायोनियर, अशी तारखेची भिंतच घातली. या तारखेच्या कितीतरी आधीपासून तेथे असलेले निसेनान मात्र तिच्या हिशेबात नव्हते. १८७५ साली निघालेल्या दुसऱ्या एका संस्थेने तर 'नेटिव्ह सन्स', म्हणजे 'भूमिपुत्र' हे नाव धारण केले. तिचे सभासद गोऱ्या आगंतुकांची मुले होती, आणि पुढे आशियाई लोकांना जमीन मिळू नये यासाठी तिने हिरिरीने चळवळ केली.

आता उपऱ्यांकडे वळू. मेरिसव्हिलच्या चिनी वस्तीने नदीकाठी बोक काइ देवाचे मंदिर बांधले. सध्याची इमारत १८८० सालची आहे. हा देव पाण्याचा, पुरापासून राखणारा. गोरे शेतकरी बांधावर माती टाकीत होते आणि चिनी माणसे जलदेवतेला उदबत्ती लावीत होती; भय एकच होते. आजही चिनी दुसऱ्या महिन्याच्या उत्सवात सारे गाव त्या मंदिरापाशी लोटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून शेतकरी येऊ लागले. बहुतेक शीख, काही मुसलमान. तेथे त्या साऱ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत. १९०८ साली याच कौंटीतल्या लाइव्ह ओक गावातून त्यांना जमावाने हुसकावून लावले. १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना जमीन खरेदीची बंदी झाली आणि १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस त्या नागरिकत्वास अपात्रच ठरविला. मायदेशाहून बायको आणता येईना. मग अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. विवाहनोंदणीच्या कचेरीत वधूवरांचा वर्ण एकच लिहावा लागे; दोघांच्या रकान्यांत कारकुनाने 'ब्राऊन' लिहिले की काम होई. जमीन तेथे जन्मलेल्या मुलांच्या किंवा एखाद्या भरवशाच्या गोऱ्या शेजाऱ्याच्या नावावर घेत. घरात स्पॅनिश बोलणारी मुले, भिंतीवर कुमारी मेरी, आणि ताटात रोटी. पुढे युबा सिटीतल्या एका उपाहारगृहात मेक्सिकन पद्धतीने चीज भरलेली रोटी मिळू लागली. हा उपऱ्यांचा इतिहास आहे. तो शिळाछापात आला नाही, पण भाकरीत उतरला.

याच मजुरांच्या घामाच्या पैशावर १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर' पत्र सुरू झाले. त्या चळवळीत आपले दोन मराठी तरुण होते. एक वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. ते अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत कृषिसंशोधक म्हणून नावाजले. दुसरे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे; १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत त्यांना फाशी झाले. कर्तारसिंगांनीही कॅलिफोर्नियाच्या पंजाबी शेतमजुरांतच चळवळीचे काम केले होते.

१९४६ च्या कायद्याने हिंदी माणसाला नागरिकत्वाचे दार किलकिले झाले, १९५२ साली जमीनबंदीचा कायदा न्यायालयाने रद्द ठरविला आणि १९६५ नंतर कुटुंबे येऊ लागली. पीचच्या बागा पंजाब्यांच्या नावावर चढल्या. १९८० पासून युबा सिटीत दर नोव्हेंबरात नगरकीर्तन निघते आणि हजारोंच्या संख्येने माणसे लोटतात. २०१७ साली प्रीत दिडबाल या तेथे नगराध्यक्ष झाल्या. अमेरिकेत हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या शीख महिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वरच्या ओरोव्हिल धरणाला धोका निर्माण झाला आणि सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. तेव्हा सॅक्रामेंटो परिसरातील गुरुद्वारांनी आपली दारे सर्वांसाठी उघडली आणि लंगर चालू ठेवले. ज्यांना एकेकाळी गावाबाहेर काढले, त्यांच्याच पंगतीला गाव बसले. आता युबा सिटीच्या संग्रहालयात पंजाब्यांचेही दालन आहे आणि त्यांनाही 'पायोनियर' म्हटले जाते. २०२० साली सॅक्रामेंटोतल्या एका रुग्णालयासमोरचा सटरचा पुतळा मात्र काढून घेण्यात आला.

पुतळा काढला म्हणून न्याय झाला, असे मी मानीत नाही. पुतळ्याच्या जाण्याने लुईस-साल्वादोर यांची खरी नावे परत मिळत नाहीत. इतिहासात एकदा जे लिहिले गेले नाही, ते पुढे कितीही सद्भाव असला तरी पुरतेपणी लिहिता येत नाही. ही भरून न येणारी हानी आहे, आणि ती टाळण्याची वेळ नेहमी आजचीच असते.

म्हणून शेवटी आपल्याकडे येतो. १७३४ च्या सुमारास गायकवाडांची सत्ता या शहरात स्थिर झाली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबे आली. आपण तलवार आणि लेखणी घेऊन आलो, म्हणून आपल्याला वाडे मिळाले, आळ्यांना आपली नावे मिळाली. मागाहून पोटासाठी आलेले मराठी शिपाई, गिरणीकामगार, स्वयंपाकिणी, सफाईकामगार यांची मुलेही याच शाळेत शिकली. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण लागू केले, त्यामुळे ती शाळेच्या पायरीपर्यंत आली. आपल्या स्मरणिकांत देणगीदारांची छायाचित्रे असतात, आणि ती असावीत. पण त्या मुलांची नावे कोठे आहेत? ती शाळेच्या जनरल रजिस्टरात आहेत. ठेंगण्या अक्षरांत, पिवळ्या पडलेल्या कागदावर, पालकाच्या व्यवसायासकट.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढल्या वर्धापनदिनी कमान उभारण्याआधी ती रजिस्टरे कसरीपासून वाचवा, त्यांची छायाचित्रे काढून ठेवा, आणि हयात असलेल्या वृद्धांकडून त्या नावांमागची माणसे लिहून घ्या. तेथे भरलेली वर्गणी विचारू नका. फक्त नाव विचारा. शाळेच्या दप्तरात मिरासदार आणि उपरी असे दोन रकाने नसतात. सटर कौंटीला जे दीडशे वर्षांनी उमगले, ते आपल्या हाताशी आजच आहे.